नाताळला भांडायला ये

सांतो तोमास, ११ ऑक्टोबर १९९८

हेर्मेलिंदा,

हे पत्र आलं म्हणजे मी तुझ्याशी बोलायला लागले, असा अर्थ काढू नकोस. मी बोलत नाहीच आहे. हे आव्हान आहे. येत्या नाताळला, चर्च सुटल्यावर, बैलझुंजीच्या मैदानात मी तुझं नाव तीनदा पुकारणार आहे. तू पुढे यायचंस आणि सगळ्या गावासमोर माझ्याशी मारामारी करायचीस. आधी मिठी, मग गुद्दे, मग परत मिठी, की भांडण संपलं. कुणी कुणाला पुढे टोमणासुद्धा मारायचा नाही. आरेकिपा शहराच्या हवेत तुला या गोष्टी विसरायला झाल्या असतील म्हणून लिहून ठेवते.

कशाबद्दल, असं मात्र साळसूदपणे विचारू नकोस.

आरेकिपाची बस अजून आपल्या दारावरूनच जाते आणि ड्रायव्हर तुझी कॅसेट लावतो. मी अंगणात बटाटे निवडत असते आणि वळणावरून तुझा आवाज येतो. तुझा आवाज चांगला आहे, त्याला मी काय करू? पण त्याच्या मागून दुसरा आवाज येतो. ती जागा माझी होती. लहानपणापासून नाताळची वायलिया गाणी म्हणताना वरचा सूर तुझा आणि मागचा माझा. नाताळला चर्चच्या पायऱ्यांवर आपण दोघी उभ्या राहिलो की बायका आपली गाणी थांबवायच्या. आणि आता तिथे कोण, तर कामानाची योलांदा! समुद्राकाठची, भातखाचरातली बाई. नाकात गाते.

तेही मी गिळलं असतं. पण कॅसेटवर छापलंय काय? ‘सांतो तोमासच्या दोघी बहिणी’! फोटोत ती तुझ्या खांद्यावर हात टाकून उभी, डोक्यावर आपल्याकडची हॅट, अंगात आपल्याकडचा घागरा. आयत्या बिळावर नागोबा. बाजारात कांदेवालीनं आईला विचारलं, “कासिमिराबाई, ही तुमची तिसरी कधी झाली हो? आम्हाला पत्ताच नाही!” सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या.  आईनं कांदे घेतले आणि ती चालायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तर ये. दुसऱ्या मिठीच्या आधी मला तुझं नाक फोडायचंय.

बासिलिया


सांतो तोमास, ३ नोव्हेंबर

हेर्मेलिंदा,

कंडक्टर फोर्तुनातोनं तुझी पिशवी दिली. ऑलिव्ह. चिठ्ठी नाही, काही नाही. मी त्याला विचारलं, “निरोप काय?” तो म्हणाला, “निरोप नाही. पण पिशवी देताना दोनदा परत घेतली आणि दोनदा दिली.” म्हणजे काय ते तुझं तुला माहीत.

मी ऑलिव्ह खाल्ले नाहीत. निकानोरनं खाल्ले. मी फक्त खारट झालेत का ते पाहायला थोडे तोंडात टाकले.

तुला वाटलं असेल बासिलिया म्हणजे अजून लहान आहे, हातावर काहीतरी ठेवलं की रडं थांबतं. माझं आता लग्न होऊन किती वर्षं झाली! तुझा मेहुणा निकानोर दर नाताळला मैदानात उतरतो, नुसता हौसेखातर, कुणाशी भांडण नसलं तरी. त्याला मी म्हटलं, मला शिकव. तो हसला. मी एक ठेवून दिली, तेव्हा शिकवायला लागला. वाळवलेल्या बटाट्यांचं पोतं छपराला टांगलंय, रोज सकाळी त्याच्यावर हात चालवते. “खांदा आत घे,” म्हणतो, “आणि डोळे मिटू नकोस. तू मारताना डोळे मिटतेस.” आई चुलीशी बसून सूत काततेय आणि बघतेय. तिला विचारलं, तू कुणाच्या बाजूची? तर म्हणे, “दोन्ही दात माझ्याच तोंडातले, उपटू कुठला?” 

उत्तर पाठव. येतेस की नाही, एवढंच. ऑलिव्ह नकोत.

बासिलिया


सांतो तोमास, २२ नोव्हेंबर

हेर्मेलिंदा,

पत्र मिळालं. ते वाचून मी शेळ्यांना उगाचच ओरडले.

कॅसेट कंपनीचे वकील म्हणतात की तक्रार असेल तर रीतसर अर्ज करावा! मी अर्ज करू? माझ्या सख्ख्या बहिणीनं बाजारातून दुसरी बहीण आणली, तिच्याबद्दल? त्या वकिलाला विचार, त्याच्या कोर्टात निकाल लागल्यावर दोन्ही बाजू एकमेकांना मिठी मारतात का? इथे लिमाहून नवा न्यायाधीश आलाय. तोही चारचौघांत म्हणतो की ही मारामारी म्हणजे रानटीपणा, बंद करायला हवी. निकानोरनं त्याला विचारलं, “साहेब, तुमच्या कोर्टात मागच्या वर्षी जमिनीचा तंटा आला होता, तो मिटला?” म्हणाला, तारीख पडलीय. निकानोर म्हणाला, “आमच्याकडे दुपारी जेवायच्या आत मिटतो.”

आणि तू लिहितेस की कॅसेटसाठी तू मला आधी बोलावलं होतंस. होतंस की! भर बटाटे काढणीत! मी काय म्हटलं होतं? बटाटे निघू देत, मग येते. एवढंच म्हटलं होतं. ‘नसेल जमत तर दुसरी बहीण बघ’ असं म्हटलं होतं का मी? कंपनी थांबायला तयार नव्हती म्हणे. बटाटे तरी कुठे थांबतात? पण मी बटाट्यांना बहीण म्हणून छापलं नाही.

आता शेवटचं. तू लिहितेस, तुझ्या गळ्याला जपायला हवं, म्हणून तुझ्या नवऱ्याच्या भाचीला पाठवतेस, ती दणकट आहे, ती तुझ्याऐवजी लढेल. अगं, डोकं ठिकाणावर आहे का? त्या पोरीशी माझं काय वैर? तिचं तोंड मी कशाला सुजवू? दुसऱ्याच्या जागी उभं राहायची मुभा कुणाला, तेही विसरलीस? ज्याचं भांडण तो आलाच नाही, तर रक्ताच्या माणसानं उभं राहायचं. नवऱ्याची भाची तुझ्या रक्ताची कधी झाली? तुला तर सवयच लागलीय, कुणाच्याही जागी मिळेल त्याला उभं करायची.

हे शेवटचं वाक्य लागलं असेल तर लागू दे. मुद्दाम लिहिलंय.

बासिलिया


सांतो तोमास, १३ डिसेंबर

हेर्मेलिंदा,

येतेस! फोर्तुनातोनं बस थांबवून खिडकीतूनच ओरडून सांगितलं, “बासिलिया, थोरली येतेय! सीट ठेवायला सांगितलीय!” सगळ्या बसनं ऐकलं. मग तुझी चिठ्ठी दिली. एकच ओळ, पण चालेल.

आता नीट ऐक. बोटातल्या अंगठ्या काढून ये. वेण्या मागे घट्ट बांधायच्या, केस ओढायला बंदी आहे पण सुटल्या तर डोळ्यांवर येतात. हाताला गुंडाळायला जाड पट्टी मी ठेवलीय, तुलाही आणि मलाही, एकाच कापडातून फाडली. पडलेल्याला मारायचं नाही, चावायचं नाही. या वर्षी पंच एवारिस्तो आहे, त्याचा चाबूक कुणाचं वय बघत नाही. आणि पोटभर जेवून ये. मला लोकांनी म्हणायला नको की हिनं शहरातल्या उपाशी बाईला लोळवलं.

झोपायची सोय आईच्या खोलीत केलीय. गैरसमज नको, दुसरी जागाच नाही म्हणून. गादीत नवी लोकर भरली कारण जुनी तशीही बदलायची होती. दोन गिनीपिग चांगले पोसलेत, तेही नाताळच्या जेवणासाठी, दर वर्षी पोसतोच. आईनं मात्र तुझा जुना घागरा काढून उन्हात टाकलाय. मला म्हणाली, “हवा लागू दे.” दिवसातून तीन वेळा तो उलटा-सुलटा करते.

मारून झाल्यावर दुसरी मिठी झाली की आपण मोकळ्या. मग चर्चच्या पायऱ्यांवर बायका वायलिया म्हणतील. तुला गायचं तर गा. मी काही अडवणार नाही.

आता लिहितेच आहे तर सांगते. निकानोरनं तुझी कॅसेट विकत आणली. मी त्याला चार शब्द सुनावले. पण तो शेतावर गेला की मी ती लावते आणि योलांदाच्या आवाजावर माझा आवाज चढवते. ती पार झाकली जाते. तिसऱ्या गाण्यात तू जिथे श्वास जरा लवकर घेतेस, तिथे ती गोंधळते. मी नाही गोंधळत. मला तुझा श्वास माहीत आहे.

हे वाचून सूर जुळला असं समजू नकोस. नाक फोडणारच आहे.

बासिलिया


सांतो तोमास, २४ डिसेंबर, दुपार

हेर्मेलिंदा,

बस आली. तू नाही आलीस.

आई सकाळपासून वळणावर उभी होती. पाऊस भुरभुरत होता, तरी शाल डोक्यावर घेऊन उभी. फोर्तुनातो खाली उतरला आणि माझ्याकडे बघेना. मग हळूच म्हणाला, “आली होती गं. सीटवर बसली होती. गाठोडं मांडीवर. गाडी चालू झाली तशी उठली, म्हणाली, ‘थांबवा.’ उतरली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, ‘आईच्या तोंडाकडे कशी बघू?’”

मग माझ्या तोंडाकडे बघ ना! आव्हान मी दिलं होतं! भांडण माझं, पोतं मी बडवलं, पट्ट्या मी फाडल्या. आणि तू घाबरलीस आईला, जी तुला एका शब्दानं बोलली नाही. तिलाच का? माझं काहीच वाटलं नाही तुला?

पळपुटी. आता मला हे भांडण आणखी एक वर्ष घरात ठेवायचं. तुला कल्पना आहे का ते काय असतं? बस आली की आत जायचं, बस गेली की बाहेर यायचं. बाजारात मान खाली घालायची. तुझी आठवण आली की आधी राग काढायचा, मग आठवण काढायची. मला कंटाळा आलाय गं. तुझ्याशी न बोलण्याचा मला खरंच कंटाळा आलाय.

तरी उद्या मी तुझं नाव पुकारणार. तीनदा. तू नाहीस हे गावाला कळू दे.

हे पत्र पाठवेन की नाही ठाऊक नाही.

बासिलिया


सांतो तोमास, २७ डिसेंबर

ताई,

मधलं पत्र पाठवलं नव्हतं, ते यातच घातलंय. आधी ते वाच.

नाताळला सकाळी बाळ येशूची मूर्ती घेऊन सगळे चर्चला गेले, तिथून मैदानात. रिवाजाप्रमाणे विणलेले मुखवटे घालून पुरुष बारीक आवाजात ओरडत होते. निकानोरनं पट्टी बांधून दिली आणि म्हणाला, “ती नाहीये, कशाला जातेस?” मी गेले. बायकांच्या लढतींची वेळ झाली तशी मी मधोमध उभी राहिले आणि तुझं नाव पुकारलं.

“हेर्मेलिंदा!”

लोक इकडे-तिकडे बघायला लागले. कुणीतरी ओरडलं, “ती कॅसेटमध्ये आहे, कॅसेटमधून काढ बाहेर!” हशा झाला. मी दुसऱ्यांदा पुकारलं. माझा आवाज चिरकला. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा हशा थांबला होता, कारण कठड्यावरून कुणीतरी खाली उतरत होतं.

आई होती. सुताची चाती शालीत खोचत, एक पाय, मग दुसरा पाय, असं करत उतरली आणि चालत मैदानात आली.

एवारिस्तो चाबूक खाली करून म्हणाला, “कासिमिराबाई, मध्ये येऊ नका, बसा.”

“मध्ये कुठे येतेय? लढायला आलेय,” आई म्हणाली. “माझी थोरली आली नाही. तिच्या जागी मी. रक्ताचं माणूस चालतं ना? मग माझ्याहून जवळचं रक्त आणू कुठून?”

लिमाचा न्यायाधीश ताडकन उठून उभा राहिला. एवारिस्तोनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डोकं खाजवून तो म्हणाला, “नियमानं चालतं.”

मी म्हटलं, “आई, काय हे? घरी चल.”

“घरी नेऊन तुला करू काय? आणखी वर्षभर बसच्या नावानं बोटं मोडणार. चल, मिठी मार आधी.”

मिठी मारली. ताई, ती माझ्या हनुवटीपर्यंतसुद्धा येत नाही. कधी इतकी लहान झाली, मला कळलंच नाही. मी सोडेना, तेव्हा एवारिस्तोनं चाबूक वाजवला. मी मागे सरले आणि आईनं हॅट नीट बसवली, खांदा आत घेतला आणि माझ्या नाकावर गुद्दा हाणला. थेट. निकानोर मला शिकवत होता, तेव्हा ती चुलीशी बसून शिकत होती! रक्त आलं. लोकांनी आरडाओरडा केला.

“आता तू,” आई म्हणाली.

मी हात खाली सोडून उभी. एवारिस्तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “बासिलिया, एकानंच मारलं तर लढत धरता येत नाही मला. भांडण तसंच राहील.”

“राहू दे,” मी म्हटलं. “आईवर हात नाही टाकणार.”

तेव्हा आई दोन पावलं पुढे आली. तिचा चेहरा असा मी कधी बघितला नव्हता. “आई कोण? मी हेर्मेलिंदा आहे,” म्हणाली. “मी तुला बटाट्यांत टाकून गेले. तुझ्या जागी दुसरी उभी केली आणि तिला बहीण म्हणून छापलं, सगळ्या गावाला दाखवलं. काय केलंस तू? शेळ्यांवर ओरडलीस! आणि ऐक, ती तुझ्यापेक्षा बरी गाते.”

माझा हात कधी उठला मला कळलं नाही. डोळे मिटले नव्हते एवढं आठवतं. आईच्या तोंडावर बसला. ती खाली बसली, हॅट एकीकडे गेली. एवारिस्तोचा चाबूक आमच्या मध्ये आला, पण मी मारायला पुढे गेलेच नव्हते, मी गुडघ्यांवर होते.  आईनं ओठावरचं रक्त शालीनं पुसलं, हात पसरले आणि मला जवळ ओढलं. दुसरी मिठी. सगळ्यांदेखत मी लहान पोरीसारखी हमसून रडले. ती माझ्या कानात म्हणाली, “नाही गं, नाकात गाते ती.”

एवारिस्तोनं हात वर केला. “बासिलिया आणि हेर्मेलिंदा, मिटलं!” असं तो ओरडला. तुझंच नाव घेतलं त्यानं.

तर ताई, मिटलंय. तुला मान्य असो-नसो, तू तिथे असो-नसो, गावानं बघितलंय. मी परवापासून मनात शोधतेय, राग कुठे शिल्लक आहे का. नाही सापडला. रोज हाताशी असलेली वस्तू हरवल्यासारखं वाटतं. काल बस गेली, ड्रायव्हरनं तुझी कॅसेट लावली होती, आणि मी अंगणातच उभी राहिले. योलांदाला माझा नमस्कार सांग. बिचारीचा काय दोष?

आईचा ओठ टम्म सुजलाय. सूप पितानाही कळवळते, आणि बाजारात मात्र सांगत सुटलीय की ती जिंकली. कांदेवालीला म्हणाली, “धाकटीचं नाक बघ, मग बोल.” न्यायाधीश तिची विचारपूस करायला घरी आला, तर तिनं त्याला बटाटे सोलायला बसवलं.

मी तिला म्हटलं, आई, आता सगळं नीट झालं. तर चाती फिरवायची थांबली. म्हणाली, “तुमचं झालं. माझं कुठे झालं? थोरली बसमधून उतरली आणि तिच्या वाटचा मार मी खाल्ला. तिला लिही, पुढच्या नाताळला मी तिचं नाव पुकारणार आहे.”

ती थट्टा करत नाहीये, ताई. एवारिस्तोला सांगूनही आली. तेव्हा नवऱ्याची भाची नको, ऑलिव्ह नकोत. तू आली नाहीस, तर आईसमोर तुझ्या जागी उभं राहायला रक्ताची मीच उरते, आणि मी उभी राहणार नाही. या वर्षी तुझ्यापायी आईवर मी हात उचलला. पुढच्या वर्षी तू येऊन उचल.

तुझी,
बासिलिया